गावाचा असुरक्षितता निर्देशांक काढला, पण तो गावालाच पटत नाही. आता काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यातल्या गावांसाठी तुम्ही प्रबंधासाठी हवामान बदलाच्या संदर्भात असुरक्षितता निर्देशांक काढला. पाऊस, सिंचन, साक्षरता, रस्ते, बँक, पशुधन असे निर्देशक घेतले, त्यांची बेरीज केली आणि गावांची क्रमवारी लावली. ती दोन गावांत दाखवल्यावर लोक म्हणाले, "तुम्ही ज्याला सुरक्षित म्हणता त्या गावाची दर दोन वर्षांनी आमच्यापेक्षा वाईट गत होते." मार्गदर्शक म्हणतात निर्देशक वाढवा. तुम्ही विचारता, आणखी कोणते घालू?

निर्देशक वाढवून हे सुटेल असं मला वाटत नाही. "कोणतं गाव जास्त असुरक्षित?" या एका प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. गावातलं कोण असुरक्षित? कशापासून? आणि ज्या निर्णयांमुळे ती माणसं तशी झाली, ते निर्णय कोणाच्या हातात आहेत? हे तीन वेगळे केले नाहीत तर पंधराच्या जागी चाळीस निर्देशक घेतले तरी गाव तुम्हाला हेच सांगेल.

निर्देशांक वाईट असतो असं मी म्हणत नाही. तो कशासाठी हवा आहे यावर सगळं अवलंबून आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचंच उदाहरण घ्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्यात १५ जिल्ह्यांतली सुमारे पाच हजार गावं होती. एवढ्या पसाऱ्यात काम कुठून सुरू करायचं हे ठरवताना घरोघरी जाऊन विचारणं शक्य नसतं. तिथे निर्देशांक लागतोच, आणि तो चाळणीसारखा वापरला तर उपयोगीही पडतो. तुमचं काम त्याच्या पुढच्या टप्प्यावरचं आहे. एका तालुक्यात विकास कसा व्हावा हे तुम्हाला सांगायचं आहे, आणि नेमकी तिथेच क्रमवारी अपुरी पडते.

आकडा किती दिशाभूल करू शकतो याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्याचं आहे. २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागासाठी झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकनात झारखंड, मिझोराम, ओडिशा, छत्तीसगड, आसाम, बिहार ही राज्यं सर्वाधिक असुरक्षित ठरली आणि महाराष्ट्र कमी असुरक्षित राज्यांत आला. मराठवाड्यात काम करणाऱ्याला हे वाचून धक्का बसतो. पण त्या अहवालाची पद्धत पाहिली तर त्यात चूक काही नाही. राज्य हे एकक धरलं की बीड, मुंबई, कोल्हापूर आणि गडचिरोली एकाच आकड्यात येतात. शिवाय त्यात पावसाचा धोका मोजलेलाच नव्हता; मोजला होता तो फक्त अंगभूत कमकुवतपणा. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०१९ मध्ये देशातल्या ५७३ ग्रामीण जिल्ह्यांचा अभ्यास केला, तेव्हा ३१० जिल्हे उच्च किंवा अतिउच्च जोखमीत आले. एकक बदललं आणि व्याख्या बदलली की चित्र बदलतं. राज्याच्या सरासरीत जिल्हा दडतो तसं तुमच्या गावाच्या सरासरीत घर दडतं.

व्याख्येचा मुद्दा तांत्रिक आहे, पण तोंडी परीक्षेत तुम्हाला तो नक्की विचारतील. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी समितीच्या, २००७ च्या अहवालात असुरक्षिततेचे तीन भाग होते: धोक्याशी येणारा संपर्क, संवेदनशीलता आणि जुळवून घेण्याची क्षमता. २०१४ च्या अहवालापासून मांडणी बदलली. आता धोका, संपर्क आणि असुरक्षितता या तिघांतून जोखीम तयार होते, आणि असुरक्षिततेत फक्त संवेदनशीलता आणि क्षमता उरतात. त्यामुळे तुमचा "पावसातला चढउतार" हा निर्देशक २००७ च्या चौकटीत असुरक्षिततेत बसतो, २०१४ च्या चौकटीत बसत नाही. दोन्ही चौकटी मिसळलेले प्रबंध मी नेहमी पाहते. कोणतीही एक निवडा, पण पहिल्या प्रकरणातच स्पष्ट लिहा आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहा. तुमच्या कामासाठी मी २०१४ ची घेईन. पाऊस कमी पडला ही एक गोष्ट आणि त्यामुळे कोण कोलमडलं ही दुसरी, हे तिच्यात वेगळं राहतं.

आता तुमच्या आकडेवारीकडे वळते. पाऊस महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या गटाच्या, पातळीवर मोजला जातो. म्हणजे एका मंडळातल्या सगळ्या गावांना तुम्ही तोच पाऊस दिला असणार. साक्षरता, रस्ता, बँक हे जनगणनेतून आलं, आणि गावपातळीवर तुमच्या हाताशी आहे ती २०११ ची जनगणना. याचा परिणाम पाहा. मंडळातल्या गावागावांत पावसाचा फरकच नाही, त्यामुळे क्रमवारीतला सगळा फरक रस्ता, शाळा आणि बँकेतून आला. तुम्ही जे मोजलं ते २०११ सालचं सर्वसाधारण मागासलेपण आहे. हवामान त्यात जवळजवळ उरलेलंच नाही. लोकांना आकडा पटला नाही यामागचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. निर्देशकाची दिशा आपण टेबलावर बसून ठरवतो. सिंचन वाढलं की असुरक्षितता कमी, असं गृहीत धरतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. त्यात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत. साठा मुळात थोडा. दोन चांगल्या पावसाळ्यांत बोअर वाढतात, त्या भरवशावर फळबाग उभी राहते आणि मग एक कोरडं वर्ष येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. ज्वारी-तूर घेणाऱ्याचा त्या वर्षी एक हंगाम गेला. बागायतदाराची अनेक वर्षांची गुंतवणूक गेली, कर्ज मात्र तसंच राहिलं. तुमच्या तक्त्यात मात्र बोअरचं गाव सुरक्षित आणि ज्वारीचं गाव असुरक्षित.

गारपिटीच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि आजूबाजूला मोठी गारपीट झाली. मार तिथे बसला जिथे रानात पीक उभं होतं: गहू, हरभरा, रब्बी ज्वारी, द्राक्षं, डाळिंब. ज्याच्याकडे पाणी होतं त्याच्या रानात त्या महिन्यात जास्त काही उभं होतं. ज्याचं रान खरिपानंतर मोकळं पडलेलं, त्याचं पिकाचं नुकसान कमी. पण त्याला शेजारच्या बागेत मिळणारी मजुरी बुडाली. म्हणजे तेच पाणी दुष्काळात ढाल असतं, दोन दुष्काळ लागोपाठ आले की ओझं होतं, आणि गारपिटीत नुकसानाचा आकडा वाढवतं. यासाठी "सिंचनाखालील क्षेत्र" असा एकच रकाना कसा पुरेल?

शेततळ्याचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवणारं शेततळं वेगळं आणि प्लास्टिक अंथरून विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकारात सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी उपसून एकाच्या तळ्यात उन्हाला उघडं ठेवलं जातं. तळ्याच्या मालकाची सोय होते, शेजारच्या विहिरी लवकर आटतात. गावाची सरासरी काढली की दोन्ही प्रकारची तळी "जुळवून घेण्याची क्षमता" या रकान्यात जातात. तुमच्या तालुक्यात शेततळी मोजणार असाल तर ती कशाने भरतात हे विचारल्याशिवाय मोजू नका.

स्थलांतराबद्दल तर बीड जिल्ह्यात काम करणाऱ्याने फारच सावध राहायला हवं. काही अभ्यास स्थलांतराला क्षमता मानतात, काही असुरक्षितता. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन दिवाळीच्या आसपास कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारं नवरा-बायकोचं जोडपं आणि पुण्यात कंपनीत लागून दर महिन्याला घरी पैसे पाठवणारा मुलगा, दोघंही आकडेवारीत स्थलांतरितच. पण पहिल्या घरात पैसा आधीच खर्चून झालेला असतो, मुकादमाकडे हिशेब बाकी असतो, मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते, आजारपणात सुट्टी घेतली तर खाडा (दंड) लागतो. दुसऱ्या घराला पाऊस बुडाला तरी एक उत्पन्न राहतं. यांना एका रकान्यात टाकण्यापेक्षा रकाना नसलेला बरा.

आता "कोण" हा प्रश्न. आपल्याकडे नुकसानभरपाई जमिनीला मिळते. सातबारा ज्याच्या नावावर, मदत त्याच्या खात्यावर. बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) दुसऱ्याचं रान करणाऱ्याने बियाणं, खत, राबणूक सगळं स्वतःचं घातलेलं असतं, पण तोंडी व्यवहार असल्यामुळे पंचनाम्यात तो कुठेच नसतो. भूमिहीन मजुराची बुडालेली मजुरी तर कोणी मोजतही नाही. नवऱ्याच्या पश्चात किंवा एकटीने शेती करणाऱ्या बाईचं नाव वारस म्हणून लागलेलं नसेल तर विमा, कर्ज, मदत तिन्ही दारं बंद. त्यामुळे एकाच गावात, एकाच पावसात, शेजारच्या दोन घरांचं भवितव्य वेगळं असतं. याचं कारण आकाशात शोधून सापडणार नाही. ते कागदात, करारात आणि नात्यात आहे.

संस्था काय करू शकतात हे महाराष्ट्राने स्वतः अनुभवलं आहे. १९७२-७३ चा दुष्काळ राज्याच्या आठवणीतल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पीक बुडालं, जनावरं गेली, पण मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले, कारण लोकांच्या हाताला काम आणि कामाचे पैसे मिळाले. त्याच अनुभवातून पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पाऊस पडला नव्हता, तरी माणसं तगली. म्हणून मी निर्देशकांच्या कोणत्याही यादीत हा प्रश्न वरच्या जागी ठेवते: वाईट वर्षी काम मागितल्यावर ते मिळालं का, आणि मजुरी किती दिवसांनी हातात आली? जनगणनेच्या कोणत्याही तक्त्यात याचं उत्तर सापडणार नाही, पण घरातल्या बाईला ते तोंडपाठ असतं.

मग प्रत्यक्षात काय करायचं? निर्देशांक फेकून देऊ नका. त्याचा उपयोग गावं निवडण्यापुरता करा. वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून काही गावं घ्या. त्यासोबत अशी गावं मुद्दाम घ्या जिथे तुमचा आकडा आणि कृषी सहाय्यक, तलाठी, आशा कार्यकर्ती यांचा अंदाज जुळत नाही. शिकायला सर्वांत जास्त अशाच गावांत मिळतं. त्याआधी आकड्याची एक परीक्षा घ्या: भार (कोणत्या निर्देशकाला किती वजन) बदलून पाहा, एकेक निर्देशक काढून पाहा, आणि किती गावांचा क्रम टिकतो ते मोजा. एखाद्याच गावाचा आकडा अवाढव्य असेल तर किमान-कमाल पद्धतीत (सर्वांत लहान आकडा शून्य, सर्वांत मोठा एक धरून बाकीचे मध्ये बसवणं) बाकी सगळी गावं एका टोकाला गोळा होतात, तेही तपासा. मुख्य घटक विश्लेषणाने भार काढले असतील तर लक्षात ठेवा की ती पद्धत आकडे कुठे एकत्र हलतात ते सांगते, जगण्यात काय महत्त्वाचं ते सांगत नाही. आणि साध्या सरासरीत चांगला रस्ता पाण्याची उणीव भरून काढतो, जे खऱ्या आयुष्यात होत नाही. मानव विकास निर्देशांकाने याच कारणासाठी २०१० मध्ये साधी सरासरी सोडून भूमितीय (बेरजेऐवजी गुणाकारावर आधारलेली) सरासरी घेतली. तुम्हीही तसं करून फरक पाहा. क्रम फार हलत असेल तर प्रबंधात तसं प्रामाणिकपणे लिहा. तो दोष लपवण्यासारखा नाही, तोच एक निष्कर्ष आहे.

त्यानंतरचा मुख्य भाग म्हणजे वाईट वर्षांच्या हकीकती. मी लोकांना "हवामान बदलामुळे तुम्हाला काय वाटतं?" असं कधी विचारत नाही, कारण त्याला बातम्यांतलं उत्तर मिळतं. मी वर्ष विचारते. तुमच्या भागात २०१४ ची गारपीट, २०१५-१६ चा दुष्काळ, ज्याच्या शेवटी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि सप्टेंबर २०२५ चा महापूर ही तीन वर्षं घ्या. तिन्ही धोके वेगळे आहेत, म्हणून "कशापासून" हा प्रश्न आपोआप सुटा होतो. पुरात नदी-ओढ्याकाठचं चांगलं, पाण्याचं रान खरडून गेलं. एरवी गावातली जी जमीन सर्वांत सुरक्षित समजली जाते तीच पहिली गेली. फक्त दुष्काळ धरून बनवलेल्या निर्देशांकाला हे कधीच दिसलं नसतं.

प्रत्येक वर्षाबद्दल घराला क्रमाने विचारा. आधी कोणता खर्च थांबवला? काय विकलं, शेळी की बैल की सोनं? पैसे कोणाकडून घेतले आणि कोणत्या अटीवर? कोण घर सोडून गेलं? मुलीचं शिक्षण थांबलं का, लग्न लवकर उरकलं का? आणि सर्वांत शेवटी, पहिल्यासारखं व्हायला किती हंगाम लागले? या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त किंमत देते. नुकसान मोठं असूनही दोन हंगामांत उभं राहणारं घर आणि थोडक्या नुकसानीनंतर कायमचं मजुरीवर गेलेलं घर, यातलं कोण असुरक्षित हे वेगळं सांगावं लागत नाही. बैल विकला गेला की पुढच्या पेरणीला उशीर होतो किंवा ट्रॅक्टरचं भाडं वाढतं, तिथून उतरण सुरू होते. कोणती गोष्ट विकल्यावर घर परत वर येत नाही ते शोधा. तुमच्या तालुक्याचा खरा निर्देशक तिथे सापडेल.

बैठक फक्त ग्रामपंचायतीच्या कार्यालयात घेऊ नका. तिथे सातबारावाले पुरुष येतात. वस्तीत जा, बायकांची बैठक वेगळी घ्या. बीडमध्ये तांडे बरेच आहेत, आणि तांड्याची आकडेवारी अनेकदा मूळ महसुली गावात मिसळलेली असते. गावाचा आकडा ठीक दिसतो आणि तांड्यावर टँकर चालू असतो.

इथवरचं थोडक्यात: निर्देशांक गावं निवडण्यासाठी, हकीकती कारण समजण्यासाठी, आणि धोका-धोक्याला वेगळं उत्तर. आता यातून ग्रामीण विकास कसा निघतो ते सांगते, कारण तुमच्या प्रबंधाच्या शीर्षकात तोही शब्द आहे.

प्रत्येक कारणापुढे लिहा की ते बदलण्याचा अधिकार कोणाला आहे. पाणी किती आहे ते मोजून कोणतं पीक किती घ्यायचं हे ग्रामसभा ठरवू शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पावसाची नोंद, पाण्याचा ताळेबंद आणि सिंचनासाठी बोअरवर बंदी यांतून ते करून दाखवलं आहे. सगळ्या गावांना ते जमेल असं नाही. जिथे जमिनीचं वाटप फार विषम आहे किंवा गावात दोन गटांचं पटत नाही तिथे ताळेबंद भिंतीवर रंगवलेला राहतो. पण अधिकार गावाचा आहे एवढं नक्की. बटईदाराला भरपाई मिळणं, मजुरी वेळेवर येणं, मुकादमाच्या उचलीवर नियंत्रण असणं हे गावाच्या हातात नाही. ते राज्याचं काम आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या नाहीत तर आपण न कळत गरिबालाच सांगतो की तूच जुळवून घे. गावपातळीच्या गोष्टी ग्रामपंचायत विकास आराखड्यात कोणत्या कामाच्या रूपात जातील तेही लिहा, म्हणजे सरपंचाला तुमच्या अहवालातलं एक पान तरी वापरता येईल.

शेवटची गोष्ट वेळापत्रकाची, कारण विद्यापीठाच्या तारखा आणि गावाचं वर्ष जुळत नाही. तुम्ही म्हणता सर्वेक्षण डिसेंबर-जानेवारीत करायचं आहे. त्या महिन्यांत ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गावात नसतात. दारं बंद दिसतात, प्रगणक शेजारचं घर घेतो आणि नमुना पूर्ण होतो. ज्यांच्याबद्दल तुमचा अभ्यास आहे तेच त्यातून गळतात. मार्गदर्शकांशी बोलून घरांच्या मुलाखती मे महिन्यात ठेवा. टोळ्या परतलेल्या असतात, पेरणीला अवकाश असतो आणि पाणी सर्वांत कमी असल्यामुळे विहिरींची स्थितीही डोळ्यांनी पाहता येते. डिसेंबरमध्ये जायचंच असेल तर नोंदी तपासा, गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला आणि बंद घरांची यादी नावानिशी करून ठेवा. मेमध्ये पहिल्यांदा त्याच घरांत जा.